आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा संपादिकाबाईंचा निरोप आला तेव्हा मी थोडी गडबडले. मी काही लेखिका नव्हे. मंडळाचा वार्षिक अहवाल आणि भिशीचा हिशेब यांपलीकडे माझी लेखणी फारशी चाललेली नाही. परंतु मागल्या वर्षी मुलीच्या बिऱ्हाडी मॉरिशसला जाण्याचा योग आला, आणि तेथे बंदरावरची एक जुनी इमारत पाहिली. ती पाहिल्यापासून मनात एक रुखरुख राहिली आहे. ती आपल्या भगिनींपुढे मांडावी, म्हणून हा प्रयत्न.

मॉरिशस म्हटले की निळा समुद्र, पांढरी वाळू आणि नवपरिणीत जोडपी एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. ते सारे तेथे आहेच. पण माझ्या मनात त्या बेटाचे नाव लहानपणापासून निराळ्या कारणाने होते. माझी आजी कोकणातली. तिच्या वेळी पांढऱ्या दाणेदार साखरेला जुन्या बायका ‘मोरस’ म्हणत. मॉरिशसची साखर मुंबई बंदरात उतरे, म्हणून तिचे हे नाव पडले. आजी मधूनच सांगे, “माझ्या आजीची थोरली बहीण मोरसला गेली हो!” आम्ही मुले हसत असू. माणूस साखरेत कसे जाईल, हे आम्हांला कळत नसे. नवरा पटकीने गेलेला, पदरी मूल नाही, घरात कोणी विचारीना. तेव्हा ती मुंबईस गेली, तेथून गलबतात बसली, आणि पुन्हा तिची काही वार्ता आली नाही. एवढीच ती हकिगत. आजीला तरी याहून अधिक कोठे ठाऊक होते!

म्हणून मुलीने “कुठे कुठे जायचे?” असे विचारले तेव्हा मी म्हटले, “समुद्र मग पाहू. मुंबईहून गेलेली माणसे जेथे उतरली, ती जागा आधी दाखव.”

त्या जागेचे नाव आप्रवासी घाट. पोर्ट लुई ही मॉरिशसची राजधानी. तिच्या बंदरात त्रू फॅनफारों नावाच्या आतल्या खाडीकाठी हा घाट आहे. आपण सह्याद्रीच्या पायथ्याची माणसे, घाट म्हटला की आपल्याला डोंगरातली वळणाची वाट आठवते. हा घाट म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, काशीला आहेत तशा. बाहेरून येऊन वस्ती करणारा तो आप्रवासी. पूर्वी या जागेला ‘कुली घाट’ असेच म्हणत. त्या शब्दातला हलकेपणा पुढे तेथल्याच लोकांना सलू लागला आणि त्यांनी हे नवे नाव रूढ केले. 1987 साली ती जागा राष्ट्रीय स्मारक ठरली. पुढे 2006 साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. आता तेथे संग्रहालय आहे.

इमारत पाहण्यापूर्वी ती का बांधली, ते थोडक्यात सांगते. नाहीतर नुसत्या दगडी भिंती पाहून काय कळणार?

मॉरिशस हे मादागास्करच्या पूर्वेला असलेले लहानसे बेट. त्याचे क्षेत्रफळ जेमतेम दोन हजार चौरस किलोमीटर. प्रथम डच आले आणि गेले, मग फ्रेंच आले, आणि 1810 साली इंग्रजांनी ते फ्रेंचांकडून जिंकून घेतले. बेटावर ऊस चांगला येतो. 1825 साली विलायतेत मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी कमी झाली आणि सारे बेट उसाने भरून गेले. हा ऊस तोडीत होते ते आफ्रिकेतून आणि मादागास्करहून पकडून आणलेले गुलाम. 1 फेब्रुवारी 1835 रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली. गुलामांची संख्या साठ हजारांवर होती. त्यांना सोडल्याबद्दल नुकसानभरपाई मिळाली ती मळेवाल्यांना, वीस लाख पौंडांहून अधिक. गुलामांच्या हाती मात्र काही पडले नाही.

ज्या मळ्यात आयुष्यभर फटके खाल्ले तेथे सुटलेला माणूस पुन्हा कशाला पाऊल टाकील? मळेवाल्यांना माणसे हवी होती. इंग्रज सरकारनेही एक प्रयोग करून पाहायचे ठरविले. गुलामाऐवजी ‘करारबद्ध’ मजूर आणून साखर स्वस्तात निघते का पाहायचे, हा तो प्रयोग. सरकारी भाषेत त्याला ‘महान प्रयोग’ असेच नाव होते. त्यासाठी हिंदुस्थानासारखा दुष्काळाने आणि कर्जाने गांजलेला देश हाताशी होताच. कलकत्त्याहून ‘ॲटलास’ नावाचे जहाज छोटा नागपूरच्या डोंगराळ भागातले 36 मजूर घेऊन निघाले आणि 2 नोव्हेंबर 1834 रोजी पोर्ट लुईस पोहोचले. आज त्या दिवशी मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते.

करार बहुधा पाच वर्षांचा असे. पुरुषाला महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ असा शिधा आणि अंगावर घालायला कपडा. कागदावर हे वाईट दिसत नाही. त्या वेळी आपल्याकडे शेतमजुराला एवढेही मिळत नसे, असे कोणी म्हणेल. पण एक दिवस कामावर गेले नाही तर दोन दिवसांची मजुरी कापीत. मळा सोडून बाहेर जायचे तर परवाना लागे. करार संपल्यावरही सुटका नव्हती. 1867 च्या कायद्याने जुन्या मजुरालासुद्धा आपले छायाचित्र लावलेला पास सतत जवळ बाळगावा लागे. तो नसला तर ‘भटक्या’ म्हणून तुरुंगात टाकीत. इंग्रजीतल्या ‘ॲग्रीमेंट’चे आपल्या लोकांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले, आणि अशा माणसाला ‘गिरमिट्या’ म्हणू लागले.

आरंभीच्या हालअपेष्टांचा बोभाटा झाला तेव्हा हिंदुस्थान सरकारने ही मजुरांची निर्यात काही वर्षे बंद केली होती. 1842 साली ती पुन्हा सुरू झाली, आणि मग जणू बांध फुटला. एकट्या 1843 सालात 30,218 पुरुष आणि 4,307 स्त्रिया मॉरिशसला उतरल्या. एवढी माणसे ठेवायची कोठे, मोजायची कशी आणि मळ्यांवर वाटून द्यायची कशी? त्यासाठी 1849 साली त्रू फॅनफारों येथे हा डेपो उभारला. पुढे येणाऱ्यांची संख्या वाढत गेली तसा तो वाढवीत नेला. आज उभे आहे त्यातले बहुतेक बांधकाम 1860 नंतरच्या दशकातले आहे.

सकाळी दहाच्या सुमारास आम्ही तेथे पोहोचलो. शहराची वर्दळ, मोटारींचा आवाज, पलीकडे बंदरातल्या बोटी, आणि मध्येच ही सखल, शांत जागा. मूळ डेपो पुष्कळ मोठा होता. मागल्या शतकात रस्ता आणि इतर बांधकामे यांखाली त्याचा बराच भाग गेला. राहिले आहे ते एखाद्या मोठ्या वाड्याच्या आवाराएवढेच. काळ्या दगडाच्या भिंती पाहून मला एकदम आपल्याकडचा भास झाला. नंतर कळले की मॉरिशसही ज्वालामुखीतून वर आलेले बेट. तेथला दगड आणि आपल्या सह्याद्रीचा दगड एकाच जातीचे. सातारा-कोल्हापूरकडची माणसे येथे उतरली तेव्हा त्यांनाही हा दगड ओळखीचा वाटला असेल का?

प्रवेशद्वाराशी पहारेकऱ्याची खोली आहे. पुढे दवाखान्याची इमारत, स्वयंपाकघराचे अवशेष, शौचकुपांची रांग, मजुरांना ठेवायच्या जागा आणि कारकुनांची कचेरी. दवाखान्याला एवढी जागा का दिली आहे, हे प्रथम माझ्या लक्षात आले नाही. जहाजातून कित्येक आठवडे कोंबून आणलेली माणसे रोगराई घेऊन येत, आणि त्या रोगराईची बेटावरच्या गोऱ्या लोकांना धास्ती होती. 1856 सालच्या आरंभी कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवर पटकी होती. त्यांतल्या माणसांना किनाऱ्यावर न घेता उत्तरेकडच्या एका ओसाड बेटावर उतरवले. तेथे निवाऱ्याची धड सोय नव्हती. शेकडो माणसे तेथेच मेली. त्यांच्या नशिबी हा घाटसुद्धा आला नाही.

आणि मग पायऱ्या. त्या मोजून सोळा आहेत. काळ्या पाषाणाच्या, मधोमध झिजलेल्या. पडावातून उतरलेले प्रत्येक माणूस या पायऱ्या चढून वर आले. आजही मोठे पाहुणे मॉरिशसला आले की येथे पुष्पचक्र वाहतात. आम्हीही चार फुले नेली होती. मी पहिल्या पायरीवर उभी राहिले आणि पाय उचलेना. ती येथूनच वर गेली असेल. डोक्यावर पदर, हातात एखादे गाठोडे, ओळखीचे कोणी नाही. मुलगी म्हणाली, “आई, हळूच, पायऱ्या गुळगुळीत आहेत.” मी म्हटले, “अगं, त्या गुळगुळीत कशाने झाल्या, तेच मनात आले.”

वर आलेल्या माणसाला दोन-तीन दिवस डेपोत ठेवीत. त्याची वैद्यकीय तपासणी होई, त्याला क्रमांक मिळे, आणि मग मळेवाल्याचा माणूस येऊन आपल्या वाट्याची माणसे घेऊन जाई. गुलामांच्या बाजारात लिलाव होत असे, येथे लिलाव नव्हता. फरक नाही असे मी म्हणणार नाही. गुलामाला मुदत नव्हती, गिरमिट्याला होती. साधारण एक तृतीयांश माणसे पुढेमागे मायदेशी परतली. पण त्या दोन-तीन दिवसांत माणसाचे जे काही होत होते, ते समजायला आपण कचेरीत जाऊन उभे राहिले पाहिजे.

कचेरीत कारकून बसे. त्याच्यापुढे मोठी वही. तो दुभाष्याकरवी विचारी: नाव काय? बापाचे नाव काय? वय किती? जात? गाव आणि जिल्हा कोणता? अंगावर काही खूण आहे का? कोणत्या जहाजाने आलात? मग उंची मोजली जाई. 1860 नंतरच्या काळात छायाचित्रेही काढू लागले. लगतच्या जुन्या इमारतीतल्या संग्रहालयात ती छायाचित्रे लावली आहेत. तेथे करारपत्रे आणि पासही पाहायला मिळतात. पण मी खिळून राहिले ती छायाचित्रांपुढे. पुरुषांची आहेत, बायकांचीही आहेत. कोणी हसत नाही. कॅमेरा म्हणजे काय हे ठाऊक नसलेली, समोर कोण उभे आहे याचा अंदाज घेणारी ती तोंडे. एकीच्या कानातली बुगडी स्पष्ट दिसते. एकीने पदर घट्ट ओढून घेतला आहे. प्रत्येकीच्या जवळ क्रमांक.

ही नोंद प्रेमापोटी झालेली नाही, हे विसरता कामा नये. पळालेले माणूस पकडता यावे, एकाचा पास दुसऱ्याने वापरू नये, सरकारला हिशेब लागावा, एवढ्यासाठीच ही वही. गुरांच्या बाजारात खुणा लिहून घेतात, त्याच बुद्धीने ती लिहिली गेली. कारकुनाला आपली नावे कळत नसत. त्याने कानाला जसे ऐकू आले तसे इंग्रजी-फ्रेंच वळणाने लिहिले. बापाचे नाव होते तेच पुष्कळांचे पुढे आडनाव होऊन बसले. आज तेथल्या एखाद्या मराठी माणसाचे आडनाव ऐकले तर आपल्याला प्रथम उलगडत नाही. दोनदा उच्चारून पाहावे, तेव्हा आतून एखादा गणू किंवा भिवा किंवा सखाराम बाहेर येतो.

पण त्याच वह्यांनी आज काय केले आहे पाहा! त्या वह्या मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवल्या आहेत. आज त्या मजुरांचे पणतू-खापरपणतू तेथे जातात, आपल्या पूर्वजाची नोंद शोधतात, तिचा उतारा घेतात आणि घरी चौकटीत लावतात. ज्या क्रमांकाने माणसाचे नाव पुसायचे होते, त्याच क्रमांकाच्या आधाराने ते नाव शंभर-दीडशे वर्षांनी घरी परत येते.

हे मला सांगितले तेथेच भेटलेल्या एका आजींनी. सत्तरीच्या असतील. आमचे मराठी बोलणे ऐकून त्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही महाराष्ट्रातून आलात?” त्यांचे मराठी शाळेत शिकलेले, जरा पुस्तकी. घरी त्या क्रिओल बोलतात. हिशेब फ्रेंचमध्ये करतात. मॉरिशसमध्ये शाळांतून मराठी शिकवतात, हे मला तेव्हाच कळले. हिंदी मजुरांत सर्वांत मोठा भरणा कलकत्त्याहून आलेल्या बिहारी-भोजपुरी लोकांचा, मग मद्रासच्या बाजूचा. मुंबईहून गेलेले त्या मानाने थोडे, बहुतेक रत्नागिरी-सावंतवाडीकडचे आणि घाटावरचेही काही. आज तेथे मराठी लोक शंभरांत दोनच्या आसपास असतील. परंतु गणेशचतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते. तेथला गणेशोत्सव 1896 पासून चालत आला आहे, असे सांगतात. आणि गणपतीपुढे नाचतात काय, तर झाकरी! कोकणातल्या भगिनींना लगेच कळेल, ही आपली जाखडी. बोलीभाषा गेली, गावाचे नाव गेले; पण गोल करून, पाय आपटीत गाणे म्हणायचे, ते टिकले.

त्या आजींनी पिशवीतून एक कागद काढला. त्यांच्या खापरपणजीच्या नोंदीचा तो उतारा. त्यांना तो क्रमांक तोंडपाठ होता, आपल्याला देवाचे स्तोत्र असते तसा. जिल्हा रत्नागिरी एवढे लिहिले होते. त्या मला म्हणाल्या, “रत्नागिरी कशी आहे हो? मी पाहिली नाही. समुद्र आहे ना तिथे?”

मी म्हटले, “आहे. आणि तुमच्यासारखाच काळा दगड आहे. आंबे आहेत.” त्यांनी मान डोलावली. मग विचारले, “तुमचे कोणी इथे आले होते का?”

मी सगळी हकिगत सांगितली. त्या एकदम उत्साहाने म्हणाल्या, “मग शोधता येईल! नाव सांगा तिचे. बापाचे नाव सांगा. गाव माहीत आहे ना? नाव मिळाले की कागद मिळतो.”

भगिनींनो, मी त्या आजींपुढे गप्प उभी राहिले. नाव मला ठाऊक नाही. आजीलाही ठाऊक नव्हते. ती नेहमी “आजीची थोरली बहीण” एवढेच म्हणे. मुंबईस परतल्यावर मी आजीच्या माहेरच्या मंडळींना दूरध्वनी केले. त्यांच्याकडे छापलेली वंशावळ आहे, दहा पिढ्यांची, सुरेख झाड काढलेली. मुलगे, नातू, दत्तक गेलेले, दत्तक आलेले, सारे त्यात आहेत. अल्पवयात वारलेल्या मुलग्यांसाठीसुद्धा पाने काढली आहेत. बाईचे एकही नाव नाही. जी मोरसला गेली तिचे नाही, आणि जी गेली नाही, त्याच घरातून सासरी जाऊन सात बाळंतपणे काढून मेली, त्या माझ्या आजीच्या आजीचेही नाही.

म्हणजे पाहा कसे आहे ते. तिला उसाच्या मळ्यावर धाडणाऱ्या परक्या सरकारच्या कारकुनाने, स्वार्थासाठी का होईना, तिला नाव विचारले असेल. त्याने ते चुकीचे लिहिले असेल, पण लिहिले असेल. ती तेथे आहे. मोकाच्या त्या वह्यांत कोठेतरी, एखाद्या जहाजाच्या यादीत ती आहे. आणि आम्ही तिच्या रक्ताची माणसे. आम्हांला तिला हाक मारता येत नाही.

मला त्या परक्या सरकारची तरफदारी करायची नाही. ही पद्धत वाईटच होती, आणि तिच्याविरुद्ध झगडणारे पुष्कळ झाले. 1871 साली तेथल्या 9,401 जुन्या मजुरांनी आपल्या गाऱ्हाण्यांचा अर्ज केला. त्यात त्यांना आदोल्फ द प्लेवित्झ या गोऱ्या मळेवाल्याने साहाय्य केले, आणि त्यापायी आपल्याच लोकांचा रोष ओढवून घेतला. त्या अर्जामुळे विलायतेहून चौकशीसाठी रॉयल कमिशन आले. 1901 साली आफ्रिकेहून परतताना गांधीजी मॉरिशसला उतरले होते. आणि आपल्या महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, 1912 साली नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी मोठ्या लाटसाहेबांच्या कायदे कौन्सिलात गिरमिट पद्धत साफ बंद करावी असा ठराव मांडला. सरकारी मतांपुढे तो पडला. पण पुढल्या पाचच वर्षांत, 1917 साली, मजूर पाठविणे सरकारला थांबवावे लागले. मॉरिशसला करारबद्ध मजूर जाणे तर त्यापूर्वीच, 1910 साली बंद झाले होते. 1834 पासून तोवर सुमारे साडेचार लाख माणसे तेथे गेली होती.

तेथल्या बायका मुक्याने सोसत बसल्या, असेही नाही. मरीना कार्टर या विदुषीने 1994 साली ‘लक्ष्मीज लेगसी’ नावाचे पुस्तक लिहिले आहे. त्यात मॉरिशसला गेलेल्या आपल्याकडच्या स्त्रियांचे अर्ज-विनंत्या जुन्या दप्तरांतून शोधून काढल्या आहेत. लिहितावाचता न येणाऱ्या बायका अर्जनवीस गाठीत आणि सरकारदरबारी दाद मागत. ते अर्ज जपले गेले म्हणूनच आज त्यांचा आवाज आपल्याला ऐकू येतो. नाहीतर तोही त्या उसाच्या फडात विरून गेला असता.

निघताना आजींनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, “नाव सापडले की कळवा. मी जाऊन बघेन.” मी हो म्हटले. काय करणार? खोटे बोलले. आमच्याकडे आता सांगणारे कोणी उरलेले नाही. त्या आपल्या खापरपणजीच्या गावाचा समुद्र न पाहता तिचा क्रमांक पाठ म्हणू शकतात. मी तो समुद्र पाहिला आहे, पण मजपाशी म्हणायला काही नाही.

परतताना मी पुन्हा त्या पायऱ्यांपाशी गेले. या खेपेस मनात आले की, एवढ्या लांब यायचे कारणच नव्हते. जी रुखरुख मला येथे लागली, तिचे मूळ आपल्याच घरांत आहे. आपल्या मंडळाच्या पहिल्या वर्षाचे कार्यवृत्त मी नुकतेच काढून पाहिले. वर्गणीदारांच्या यादीत ‘सौ. जोशी’, ‘सौ. जोशी (दुसऱ्या)’, ‘श्रीमती कदम’, ‘पाटील वहिनी’ अशी नावे आहेत. यांतल्या दुसऱ्या जोशीबाई म्हणजे कोण? ज्यांनी पहिल्या वर्षी दारोदार हिंडून शिवणयंत्रासाठी पैसे जमविले, त्या याच का? सांगणाऱ्या दोघीतिघी आज आपल्यात आहेत. आणखी दहा वर्षांनी असतील का?

म्हणून संपादिकाबाईंना मी एक विनंती केली, आणि त्यांनी ती मान्य केली आहे. या स्मरणिकेच्या शेवटी दोन पाने कोरी सोडली आहेत. ती चुकून राहिली आहेत असे समजू नये. प्रत्येकीने आपल्या प्रतीत त्या पानांवर आपले नाव लिहावे. मग आईचे, आजीचे, पणजीचे. नुसते सासरचे नव्हे, माहेरचेही. तिचे गाव लिहावे. ज्या नावाने तिला माहेरी हाक मारीत ते ठाऊक असेल तर तेही लिहावे. एक प्रत मंडळाच्या कपाटात राहील. त्या प्रतीत पहिल्या वर्षाच्या सर्व सभासद भगिनींची पूर्ण नावे भरायचे काम मी माझ्याकडे घेतले आहे. ज्यांना जे आठवेल ते त्यांनी मला येऊन सांगावे. दुपारी तीननंतर मी घरीच असते.

माझ्या प्रतीत मी आईचे नाव लिहिले, आजीचे लिहिले. आजीच्या आजीच्या जागी थांबले. तिच्या शेजारी तिच्या थोरल्या बहिणीसाठी एक ओळ आखली आणि पुढे एवढेच लिहिले: ‘मोरसला गेली.’ नावाची जागा मोकळी ठेवली आहे.